खान्देशातल्या शहरांचं पाणी आणि भूकंप : नव्याने जबाबदारी घेतलेल्यांसाठी तयारीचा आराखडा

नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात नुकतेच रुजू झालेले कनिष्ठ अभियंते, पहिल्यांदाच निवडून आलेले नगरसेवक आणि सोसायटीच्या पाण्याचा कारभार अंगावर आलेली मंडळी, या सगळ्यांसाठी हा लेख आहे. आपल्याकडे आपत्ती म्हटलं की तापीचा पूर आठवतो, नाहीतर दुष्काळ. टंचाई आराखडा दर उन्हाळ्यात होतो, टँकरच्या निविदा निघतात. भूकंपाचं पान मात्र बऱ्याचदा कोरंच राहतं. ते भरायला मोठा निधी लागत नाही. लागतो तो एक नकाशा, काही किल्ल्या आणि कोणी कुठे धावायचं हे आधी ठरवून ठेवण्याची शिस्त.

सगळ्या आराखड्याचा पाया एकच आहे : धक्का बसल्यानंतरच्या पहिल्या तासात टाक्यांमधलं पाणी वाचवायचं. वाहिन्या नंतर जोडता येतात, पंप नंतर सुरू होतात. टाकीतून वाहून गेलेलं पाणी मात्र परत येत नाही, आणि पुढचे तीन-चार दिवस शहर त्याच पाण्यावर काढायचं असतं.

धोका खरा आहे का, हे आधी पाहा

१४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात सुमारे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. तेव्हा आपल्याकडे ना एवढ्या उंच टाक्या होत्या, ना मैलोन्‌मैल वाहिन्या. नर्मदा आणि तापीच्या खोऱ्यांतून पूर्व-पश्चिम जाणारा भ्रंशांचा पट्टा आपल्या उत्तरेला पसरला आहे. २२ मे १९९७ रोजी जबलपूरला ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तो याच नर्मदेच्या पट्ट्यात. भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानक क्रमांक १८९३ च्या नकाशावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे वर्षानुवर्षं तिसऱ्या क्षेत्रात, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात दाखवले गेले. 'मध्यम' या शब्दावर कोणी निवांत बसू नये. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी हादरली, तेव्हा तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात मोडत होता.

पाणीपुरवठ्याच्या दृष्टीने पायाखालची जमीन फार महत्त्वाची. तापीच्या उत्तरेला चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात गाळाचा जाड थर आहे. दक्षिणेकडे काळ्या मातीखाली बेसाल्ट लागतो. वाहिनी खडकातून मातीत किंवा मुरुमातून भरावात शिरते, तिथे दोन्ही बाजूंची जमीन वेगवेगळी हलते आणि सांधा निखळतो. नदीकाठच्या मोकळ्या, पाण्याने भरलेल्या वाळूचा प्रश्न निराळा. हादऱ्याने ती काही क्षण पातळ चिखलासारखी वागते, वरचं बांधकाम खचतं किंवा कलतं. केळीच्या पट्ट्यात भूजल खूप खोल गेल्यामुळे शेताखाली हा धोका कमी. पण आपल्या जॅकवेल, म्हणजे नदीतलं पाणी उपसायच्या विहिरी, कुठे असतात? नेमक्या नदीच्या पात्रात आणि काठावर.

आणखी एक गोष्ट खास आपली. खान्देशातल्या बहुतेक शहरांत नळ रोज येत नाही. त्यामुळे घरोघरी टिपाडं आणि टाक्या भरलेल्या असतात. भूकंपानंतर लोक दोन दिवस तग धरतील, हे खरं. पण दुसरी बाजू घातक आहे. ज्या भागात पाणी चार दिवसांनी सुटतं, तिथली फुटलेली वाहिनी चार दिवस कोणाला दिसतच नाही. रिकाम्या वाहिनीत गटाराचं पाणी झिरपत राहतं आणि पाळीच्या दिवशी तेच सगळ्यात आधी नळाला येतं. रोज चोवीस तास पाणी असलेल्या शहरासाठी लिहिलेला आराखडा इथे जसाच्या तसा चालणार नाही, तो याचमुळे.

पहिलं काम : उगमापासून नळापर्यंत एका कागदावर

जळगावला वाघूर धरणाचं पाणी येतं. धुळ्याला तापी, नकाणे आणि डेडरगाव तलाव, शिवाय अक्कलपाडा असे वेगवेगळे उगम आहेत. नंदुरबार विरचकवर आणि चाळीसगाव गिरणेवर अवलंबून. तुमच्या शहराचा उगम एक आहे की दोन, हा पहिला प्रश्न. दोन असतील तर एकाचं पाणी दुसऱ्याच्या टाक्यांत वळवता येतं का, हा दुसरा. कागदावर वळवता येतं आणि प्रत्यक्षात जोडवाहिनीचा व्हॉल्व्ह दहा वर्षांत हललेला नाही, असं घडू शकतं. म्हणून जागेवर जाऊन पाहा.

एका मोठ्या कागदावर जॅकवेल, पंपहाऊस, रायझिंग मेन (पंपाचं पाणी वर चढवणारी मुख्य वाहिनी), जलशुद्धीकरण केंद्र, प्रत्येक उंच टाकी आणि तिच्यावर चालणारे भाग काढा. वाहिनीचा व्यास, ती कशाची आहे आणि कधी टाकली, हे शेजारी लिहा. जुन्या बिडाच्या आणि ॲसबेस्टॉस सिमेंटच्या वाहिन्या ठिसूळ असतात. लाल रंगाने दाखवा. रबर रिंगच्या सांध्याची डीआय (डक्टाइल आयर्न, म्हणजे कमी ठिसूळ बिडाची) वाहिनी थोडी वाकते. वितळवून जोडलेली एचडीपीई (जाड प्लॅस्टिकची) वाहिनी सगळ्यात जास्त सोसते.

हा नकाशा कार्यालयात बसून होत नाही. सोबत सगळ्यात जुना व्हॉल्व्हमन घ्या. कुठल्या गल्लीत कुठला चेंबर डांबराखाली गेला, कुठली जुनी लाईन बंद म्हणून दाखवलेली असूनही चालू आहे, हे त्याच्या डोक्यात असतं, कुठल्याही फायलीत नसतं. पाळीच्या दिवशी गल्लीतल्या बाया 'पानी उनं का?' (पाणी आलं का?) हे अभियंत्याला नाही, त्याला विचारतात. तो निवृत्त व्हायच्या आत त्याच्या डोक्यातलं कागदावर यायलाच हवं. मला विचाराल तर नव्या अभियंत्याचे पहिले पंधरा दिवस यातच जायला हवेत.

दुसरं काम : कमकुवत जागा पायी फिरून पाहा

सुरुवात उंच टाक्यांपासून करा. भरलेली टाकी म्हणजे काठीच्या टोकावर ठेवलेला धोंडा. जमीन हलली की सगळा भार खालच्या आधारावर येतो. दहा लाख लिटरच्या टाकीत नुसतं पाणीच हजार टन असतं. खांबांवर उभ्या टाक्या आणि एकाच पोकळ गोल दंडावर उभ्या टाक्या, असे दोन प्रकार आपल्याकडे दिसतात. १९९७ मध्ये जबलपूरला आणि २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छमध्ये गोल दंडाच्या टाक्यांना बुडाजवळ आडव्या भेगा गेल्या. दंडाची भिंत पातळ असते. खांबांच्या सांगाड्यात एक खांब कमजोर झाला तरी भार इतर खांबांवर वाटला जातो. एकाच दंडाला तशी सोय नसते.

टाकीखाली उभं राहून तळापासून माणसाच्या उंचीपर्यंतचा भाग नीट पाहा. काँक्रीटचे पोपडे सुटलेत का, गंजलेली सळई दिसते का, खांब आणि आडव्या तुळया जिथे मिळतात तिथे तिरप्या भेगा आहेत का. जुन्या भेगेच्या दोन्ही टोकांना रंगाने खूण करून तारीख लिहा, म्हणजे धक्क्यानंतर ती वाढली की नाही हे पाहताक्षणी कळेल. शंका आली तर संरचनात्मक तपासणी मागा. पाणीसाठ्याच्या टाक्यांच्या भूकंपरोधक रचनेसाठी मानक १८९३ चा भाग २ आहे. टाकी त्याआधीची असेल तर तपासणीचा आग्रह धरण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. टाकी पडेल या भीतीने ती कायम अर्धी ठेवण्याचा सल्ला कोणी देईल. तपासणीत टाकी खरोखर धोक्याची ठरली नसेल, तर तो मानू नका.

टाकीपेक्षाही स्वस्तात सुधारता येणारी जागा म्हणजे टाकीतून उतरणारी वाहिनी जमिनीत शिरते ती. टाकी एका तऱ्हेने डोलते, जमिनीतली वाहिनी दुसऱ्या तऱ्हेने, आणि मधला घट्ट सांधा तुटतो. टाकी शाबूत आणि पाणी सगळं रस्त्यावर! तिथे लवचिक जोड बसवा. पूल ओलांडणाऱ्या वाहिनीलाही पुलाच्या दोन्ही टोकांना तोच उपाय लागतो.

पंपहाऊसमध्ये रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) पाहा. चाकांवर, रुळांवर नुसतं टेकवलेलं रोहित्र हादऱ्याने घरंगळतं आणि केबल-बुशिंग तोडतं. ते पायाला बोल्टने जखडून घ्या. बॅटऱ्यांचे रॅक आणि पॅनल भिंतीला बांधा. जनरेटरच्या डिझेलच्या टाकीचंही तेच. या सगळ्याला लोखंडी अँगल, बोल्ट आणि दोन दिवसांची मजुरी लागते.

क्लोरिनची खोली मी सगळ्यात गंभीर मानतो. टनर म्हणजे क्लोरिनचा मोठा आडवा सिलिंडर; त्यात सुमारे ९०० किलो वायू असतो. तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतो, म्हणून गळती झाली की वाऱ्याच्या आडव्या दिशेने आणि उंचावर जायचं. टनर पाचर आणि साखळीने पक्के हवेत, उभे सिलिंडर भिंतीला साखळीने बांधलेले. श्वसनसंच खोलीच्या आत टांगून उपयोग नाही. गळतीच्या वेळी आत शिरणार कोण? तो बाहेर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवा. अमोनियाच्या पाण्यात भिजवलेला बोळा गळतीजवळ नेला की पांढरा धूर दिसतो. ती बाटली संपलेली नाही ना, हेही बघा.

तिसरं काम : पहिल्या तासाची पाटी

आता गाभ्याचा भाग. ३०० मिलिमीटरची वाहिनी टाकीजवळ पूर्ण तुटली, तर दहा लाख लिटरची टाकी तासाच्या आतच रिकामी होऊ शकते. आपत्तीत माणशी किमान १५ लिटर धरलं, तर तेवढंच पाणी साडेसहासष्ट हजार माणसांना एक दिवस पुरलं असतं. १७ जानेवारी १९९५ च्या कोबेच्या भूकंपात जवळजवळ सगळं शहर कोरडं पडलं, आगी विझवायला हायड्रंटला पाणी नव्हतं आणि पुरवठा पूर्ववत व्हायला सुमारे अडीच महिने लागले. तिथेही ज्या जलाशयांवर धक्का बसताच आपोआप मिटणारे व्हॉल्व्ह होते, त्यातल्या बहुतेक ठिकाणचं पाणी उरलं. आपल्याकडे तसे व्हॉल्व्ह बसेपर्यंत ते काम माणसानेच करायचं आहे.

म्हणून प्रत्येक टाकीला एक माणूस आणि त्याला एक जोडीदार नेमा. दोघेही त्या टाकीपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर राहणारे हवेत, कारण रस्ते अडलेले असू शकतात. मोबाईल बंद पडणार हे गृहीत धरा. 'साहेबांचा फोन येईपर्यंत थांबायचं' ही सवय इथे घात करते. आदेश आधीच लेखी द्या : उभं राहणं कठीण व्हावं किंवा मांडणीवरची भांडी पडावीत इतका धक्का जाणवला, तर स्वतःचं घर सुखरूप आहे एवढं पाहून थेट टाकीवर जायचं आणि बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद करायचा. टाकी कललेली दिसली तर जवळ जायचं नाही, लोकांना लांब हटवायचं. मुख्य व्हॉल्व्ह टाकीच्या थेट खाली असेल तर थोड्या अंतरावर दुसरा बसवून घेणं शहाणपणाचं, कारण नंतरचे धक्के येतच राहतात.

हे कागदावर सोपं वाटतं. प्रत्यक्ष चेंबरपाशी या. झाकण डांबराच्या दोन थरांखाली गेलेलं असतं, पहारीने उचकटावं लागतं. आत चिखल, प्लॅस्टिकच्या पिशव्या, त्याखाली व्हॉल्व्हचा चौकोनी माथा. किल्ली बसवून दोघांनी जोर लावला तरी स्पिंडल (व्हॉल्व्हचा फिरता दांडा) हलत नाही, आणि हललंच तर ग्लँडमधून, म्हणजे दांड्याभोवतीच्या जोडातून, पाण्याची चिळकांडी उडते. अंधारात, घाबरलेल्या गर्दीत हे पहिल्यांदा करायची वेळ कोणावर येऊ नये. म्हणून टाकीचे आणि मुख्य वाहिन्यांचे व्हॉल्व्ह वर्षातून दोनदा पूर्ण बंद करून उघडायचे. ३०० मिलिमीटरच्या स्लुइस व्हॉल्व्हला साधारण चाळीसेक फेरे लागतात; बनावटीनुसार कमी-जास्त. प्रत्येक व्हॉल्व्हचे फेरे मोजा आणि तो कुठल्या बाजूला फिरवल्यावर मिटतो, हे चेंबरच्या भिंतीवर आणि वहीत लिहा. शेवटचे फेरे सावकाश द्या. झटक्याने बंद केला तर पाण्याच्या धक्क्याने जी वाहिनी भूकंपात वाचली, तीच फुटेल. आणि किल्ली? ती एकाच माणसाच्या घरी नको. एक टाकीच्या आवारात, एक जोडीदाराकडे.

पाटीवर बाकी थोडकंच असावं. पंप बंद करा, जॅकवेलमध्ये उतरू नका, क्लोरिनचा पुरवठा तोडा, टाकीची पातळी वहीत लिहा आणि माणूस पाठवून नियंत्रण कक्षाला कळवा. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक पाटीवर मोठ्या अक्षरांत हवा. धरणाची पाहणी जलसंपदा विभाग करतो, पण कळवायचं कोणाला, ते नाव आणि पद आधीच माहीत असू द्या.

चौथं काम : पाणी पुन्हा सोडताना

घाई इथेच होते. लोक ओरडत असतात, वरून फोन येत असतात, आणि एकदम सगळ्या शहराला पाणी सोडलं जातं. तसं करू नका. एक टाकी, एक भाग, एक वाहिनी असं उघडत जा. अर्ध्या तासात पातळी नेहमीपेक्षा जास्त उतरली तर त्या भागात फूट आहे. बंद करा, शोधा, मगच पुढे. अडकलेली हवा बाहेर पडण्यासाठी एअर व्हॉल्व्ह चालू असल्याची खात्री करा. भूकंपानंतर नदीचं आणि विहिरींचं पाणी गढूळ होतं. तुरटीची मात्रा रोजच्या अंदाजाने न टाकता जार टेस्ट करून, म्हणजे काचेच्या भांड्यांत वेगवेगळी मात्रा टाकून पाहून, ठरवा.

एरवी नळाच्या टोकाला उर्वरित (पाण्यात शिल्लक राहिलेला) क्लोरिन लिटरला ०.२ मिलिग्रॅम पुरतं, आपत्तीत ०.५ ठेवा. वायूचा क्लोरिन बंद असेल तर टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) हाताशी लागेल. एरवीचं प्रमाण हजार लिटरला ५ ग्रॅम. गढूळ पाण्याला जास्त लागते, त्यामुळे ओटी टेस्टला (पाण्यात क्लोरिन आहे का, ते दाखवणारी चाचणी) पिवळा रंग येतो की नाही यावरच विश्वास ठेवा. टीसीएलची गोणी ओलसर खोलीत पडून राहिली की तिची ताकद उतरते. आपल्या मे महिन्याच्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या गोणीवर तर भरवसाच नको. नव्या गोणीवर आल्याची तारीख लिहा आणि जुनी आधी वापरा. पहिल्या पाळीला पाणी उकळून प्यायची दवंडी, घंटागाड्यांवरचे भोंगे, मशिदी-मंदिरांचे लाउडस्पीकर, जे मिळेल त्यावरून द्या.

पाचवं काम : नळ बंद असताना पाणी कुठे मिळेल

रुग्णालयं आधी. धुळे आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांसारख्या ठिकाणी, आणि शहरात जिथे जिथे डायलिसिस होतं तिथे, पहिला टँकर जायला हवा. एका रुग्णाच्या एका डायलिसिसलाच सव्वाशे लिटरच्या आसपास शुद्ध पाणी लागतं. अशा केंद्रांची यादी नकाशाच्या मागे चिकटवा.

बाकी शहरासाठी घरापासून पाचशे मीटरच्या आत पाणी आणि एका तोटीवर अडीचशेपेक्षा जास्त माणसं नकोत, असं आपत्तीत पाळलं जाणारं मान्य प्रमाण आहे. शाळांच्या मैदानांवर तोट्या लावलेल्या प्लॅस्टिकच्या मोठ्या टाक्या ठेवायच्या जागा आजच ठरवा. जुन्या विहिरी, पाण्यासह चालू असलेले हातपंप आणि जनरेटर जोडता येईल अशा बोअरवेलची यादी करा. आपल्या शहरांत कचऱ्याने भरलेल्या किती तरी विहिरी आहेत. त्यातल्या दोन-चार तरी उपसून, जाळी बसवून, पाणी तपासून घ्या. बुऱ्हाणपूरला, म्हणजे फारुकींच्या जुन्या खान्देशात, सतराव्या शतकातला कुंडी भंडारा आजही पाहता येतो : सातपुड्याकडचं भूजल जमिनीखालून, नुसत्या उताराने शहरात आणलेलं. विजेविना मिळणारं पाणी किती मोलाचं, हे तिथे उभं राहिलं की कळतं.

घरी आणि सोसायटीत

माणशी रोज पाच लिटर पिण्या-स्वयंपाकाला धरा, तीन दिवसांचं साठवा. पाच जणांच्या घराला पंच्याहत्तर लिटर. ते झाकणाच्या पिंपात, जमिनीवर ठेवा, माळ्यावर नाही. गच्चीवरची हजार लिटरची टाकी भरली की एक टनाची होते. चार विटांवर ठेवलेली असेल तर उतरवून सपाट ओट्यावर घ्या आणि पट्ट्यांनी बांधा. तिच्या तळाचा कडक पीव्हीसी सांधा मोडला तर टाकी आपोआप रिकामी होते, तिथे हातभर लवचिक नळी जोडा. धक्का बसल्यानंतर सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत बाहेरून येणाऱ्या वाहिनीचा व्हॉल्व्ह लगेच बंद करायचा, म्हणजे वाहिनीतलं गटाराचं पाणी आत शिरणार नाही. वॉचमनला हा व्हॉल्व्ह दाखवून ठेवा; रात्री तोच जागा असतो.

साहित्य आणि तालीम

भांडारात प्रत्येक व्यासाचे रिपेअर क्लॅम्प, एमजे कॉलर (बोल्टने आवळायचे जोड), रबर रिंगा आणि दोन-दोन पाईप राखीव हवेत, आणि ते रोजच्या गळतीला वापरले तर त्याच आठवड्यात भरून काढायचे. भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर, शहादा, सगळ्यांना सगळं ठेवणं परवडणार नाही. शेजारच्या पालिकांशी व्यासांच्या याद्या अदलाबदल करा आणि साहित्य व माणसं देण्याचं पत्र आधीच सहीनिशी करून ठेवा.

तालीम वर्षातून दोनदा : एकदा उन्हाळ्याआधी, एकदा पावसाळ्यानंतर. पाणी न सुटण्याच्या दिवशी, कोणाला वेळ न सांगता, एका टाकीच्या माणसाला घरून निघायला सांगा आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटेपर्यंत घड्याळ लावा. अर्ध्या तासाच्या वर गेलं तर कारण शोधा : चेंबर, किल्ली, की अंतर. मग पुढच्या आठवड्यात त्याच टाकीवर पुन्हा, या वेळी जोडीदाराला घेऊन आणि रात्री, बॅटरीच्या उजेडात.